'शकतो' आणि 'म्हणजे': औपचारिक इंग्रजीत नेमकं काय लिहायचं?

नळजोड

पंपाच्या मराठी टिपणावरून इंग्रजी स्पेसिफिकेशन आणि वापरपुस्तिका तयार करायची आहे. बाकी सगळं जमतं, घोडं पेंड खातं ते दोन शब्दांपाशी. मूळ वाक्यं अशी:

१. हा पंप मिनिटाला ५०० लिटर पाणी देऊ शकतो.
२. गरज पडल्यास ऑपरेटर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करू शकतो.
३. गॅस्केट नीट बसलं नाही तर गळती होऊ शकते.
४. चाचणीत पंप ४० मीटर हेड गाठू शकला.
५. ड्राय रनिंग म्हणजे पाणी नसताना पंप चालणे.
६. सुटे भाग म्हणजे सील, बेअरिंग, गॅस्केट वगैरे.

पहिल्या तिन्हींत 'कॅन' घातलं, चौथ्यात 'कुड', पाचव्यात 'इज व्हेन', सहाव्यात 'मीन्स'. सहाही वाक्यं 'पुन्हा लिहा' अशा शेऱ्यानिशी परत आली आहेत. 'कॅन' फार घरगुती वाटतं म्हणून सगळीकडे 'इज एबल टु' करू का? इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहा, म्हणजे धागा एका लिपीत राहील.

मसुदाकार

'इज एबल टु' करून काहीच सुटणार नाही. तुमच्या चार 'शकतो'ची कामं चार आहेत: पहिला यंत्राची क्षमता सांगतो, दुसरा माणसाला मुभा देतो, तिसरा शक्यता वर्तवतो आणि चौथा घडून गेलेली गोष्ट नोंदवतो. मराठीत एकटं 'शकणे' ही चारही ओझी उचलतं आणि कुणाचं काही अडत नाही. तांत्रिक इंग्रजीत मात्र ती वाटून दिली आहेत.

ही वाटणी आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांच्या डायरेक्टिव्ह्जच्या (मानकं कशी लिहायची त्या नियमांच्या) भाग २ मध्ये आहे. 'शॅल' म्हणजे आवश्यकता, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे शक्यता आणि क्षमता. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या प्रस्तावनेतही हेच चार ओळींत दिलंय. ती प्रत बऱ्याच कारखान्यांत कपाटात असते, ते पान सहसा कुणी उघडत नाही.

म्हणून दुसरं वाक्य: 'द ऑपरेटर मे क्लोज द डिलिव्हरी व्हॉल्व्ह इफ नेसेसरी.' इथे 'कॅन' लिहिलंत तर अर्थ होतो, त्याच्या मनगटात तेवढा जोर आहे. बंद करायला हरकत नाही, हे कुठेच सांगितलं जात नाही.

तिसरं: 'लीकेज कॅन ऑकर इफ द गॅस्केट इज नॉट सीटेड प्रॉपरली.' रोजच्या इंग्रजीत इथे 'मे' चालतं. पण ज्या कागदात 'मे' परवानगीसाठी राखून ठेवलंय, तिथे 'लीकेज मे ऑकर' म्हणजे गळतीला ना-हरकत प्रमाणपत्र.

पहिल्या वाक्याचं दुखणं वेगळं आहे. 'द पंप कॅन डिलिव्हर ५०० लिटर्स पर मिनिट' हे व्याकरणाने शुद्ध आणि स्पेसिफिकेशन म्हणून कुचकामी. किती हेडला, म्हणजे पाणी किती उंच चढवताना? सेंट्रिफ्यूगल पंपाचं हेड वाढलं की प्रवाह कमी होतो, फेरे घटले की दोन्ही घटतात. क्षमतेच्या वाक्यात कोण, काय, किती आणि कुठल्या परिस्थितीत, ही चारही हवीत: 'ॲट अ टोटल हेड ऑफ ४० मीटर्स अँड अ स्पीड ऑफ २९०० आरपीएम, द पंप डिलिव्हर्स ५०० लिटर्स पर मिनिट ऑफ क्लीन वॉटर.'

बघा, 'कॅन' गळून पडलं. अटी दिल्या की साधा वर्तमानकाळच क्षमता सांगतो. 'कॅन डिलिव्हर अप टु ५००' हे फक्त कमाल मर्यादा सांगायची असेल तेव्हा. आणि खरेदीदाराने 'अप टु' दिसलं की सावध व्हावं, कारण ३०० लिटर देणारा पंपही त्या वाक्यात बसतो.

पापडखार

चौथ्या वाक्यात 'कुड' का चालत नाही? शाळेत तर 'कॅन'चा भूतकाळ 'कुड' असंच शिकवतात.

खडूफळा

शाळेत अर्धंच शिकवतात. 'कुड' भूतकाळातली कायमची क्षमता सांगतं: 'द ओल्ड पंप कुड रीच ४० मीटर्स', म्हणजे जुन्या पंपाच्या अंगात ते होतं. एका ठरावीक वेळी, एका प्रयत्नात जमलं असेल तर 'वॉज एबल टु' किंवा 'मॅनेज्ड टु'. मौज अशी की नकारात हा भेद पुसला जातो. 'कुड नॉट रीच' दोन्हीकडे चालतं. होकारात 'कुड' वापरलं तर वाचणारा अडखळतो: गाठलं, की गाठू शकला असता?

चाचणी अहवालात तर 'वॉज एबल टु' सुद्धा नको. 'ड्युरिंग द टेस्ट, द पंप रीच्ड अ हेड ऑफ ४० मीटर्स.' जे घडलं ते सरळ भूतकाळात. 'मॅनेज्ड टु' मध्ये कसंबसं जमल्याचा सूर येतो, तो विक्रेत्याच्या कागदात शोभत नाही.

आता 'एबल' आणि 'केपेबल'. मराठी मनाच्या ठरलेल्या चुका:

'कॅन एबल टु' हे एका म्यानात दोन तलवारी. 'कॅन' तरी, नाहीतर 'इज एबल टु' तरी.

'केपेबल टु हँडल' चूक, 'केपेबल ऑफ हँडलिंग' बरोबर. 'केपेबल'ला 'ऑफ' लागतं आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी. 'एबिलिटी'चं उलटं: 'एबिलिटी टु हँडल'. 'एबिलिटी ऑफ हँडलिंग' नाही.

'धिस व्हॉल्व्ह अलाउज टु रेग्युलेट द फ्लो' हे वाक्य निम्म्या पुस्तिकांत सापडतं. 'अलाउ', 'इनेबल', 'परमिट' यांना कुणाला ते सांगावंच लागतं. 'अलाउज द ऑपरेटर टु रेग्युलेट द फ्लो', किंवा नामाने 'अलाउज रेग्युलेशन ऑफ द फ्लो'. मराठीत 'या व्हॉल्व्हमुळे प्रवाह कमीजास्त करता येतो' म्हणताना कर्ता लागत नाही, तिथून ही सवय येते.

'द कव्हर इज एबल टु बी रिमूव्हड' कानाला बोचतं, कारण 'एबल'मध्ये स्वतः काही करण्याची ताकद गृहीत असते आणि झाकण स्वतः काही करत नाही. कर्मणी वाक्यात 'कॅन बी रिमूव्हड'. 'कॅन' अजिबात घरगुती नाही. उलट 'हॅज द एबिलिटी टु' हे चार शब्द त्याच्या जागी घालणं म्हणजे धोतरावर टाय.

'एबल टु' खरोखर लागतं ते 'कॅन' व्याकरणाने बसत नाही तिथे: 'विल बी एबल टु', 'हॅज बीन एबल टु', 'मस्ट बी एबल टु'.

चाकणी_क्यूए

'केपेबल' बद्दल एक इशारा. वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात 'द प्रोसेस इज केपेबल' हे विशेषण नाही, तो आकडा आहे. सीपी म्हणजे टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) एकूण रुंदी भागिले सहा सिग्मा; सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती विखुरतात त्याचा आकडा. शाफ्ट २० मिमी, अधिक-उणे ०.०५. एकूण रुंदी ०.१०. सिग्मा ०.०१२५ असेल तर सहा सिग्मा ०.०७५, सीपी १.३३. सरासरी मधून सरकली की ते सरकणंही धरणारा सीपीके सीपीहून खाली येतो. ग्राहक बहुधा सीपीके किमान १.३३ मागतो, काही ठिकाणी १.६७. अशा अहवालात नुसतं 'मशीन चांगलं आहे' या अर्थी 'केपेबल' लिहिलंत तर लगेच विचारणा येते, स्टडी कुठाय?

आणि मराठी 'क्षमता' सगळीकडे 'कपॅसिटी' करू नका. टाकीची क्षमता कपॅसिटी, प्रोसेसची क्षमता केपेबिलिटी, माणसाची क्षमता कॉम्पिटन्स. आयएसओ ९०००:२०१५ मध्ये शेवटच्या दोन्हींच्या व्याख्या 'एबिलिटी' या शब्दानेच सुरू होतात, पण पुढे फाटा फुटतो. केपेबिलिटी ही वस्तूची, ठरल्या आवश्यकता पुरवणारं आउटपुट देण्याची. कॉम्पिटन्स म्हणजे ज्ञान आणि कौशल्य वापरून अपेक्षित परिणाम साधणं. 'ऑपरेटर्स कपॅसिटी' लिहिलं की तो किती लिटरचा आहे असा प्रश्न पडतो.

निविदाबाबू

मसुदाकार, विक्रेत्याच्या कागदासाठी तुमचं ठीक. खरेदीच्या निविदेत आम्ही 'द पंप शॅल बी केपेबल ऑफ डिलिव्हरिंग' लिहितो. यात गैर काय?

बिट_आणि_बाइट

गैर आहे. सिस्टिम्स इंजिनिअरिंगमधल्या इन्कोसी या संस्थेचं रिक्वायरमेंट लिहिण्याचं मार्गदर्शक 'शॅल बी एबल टु', 'शॅल बी केपेबल ऑफ', 'शॅल बी डिझाइन्ड टु' ही शेपटं टाळायला सांगतं. कारण पडताळणी. 'शॅल बी एबल टु प्रिंट' म्हटलं की पुरवठादार एकदा छापून दाखवतो आणि म्हणतो, झाली की एबिलिटी सिद्ध. 'शॅल प्रिंट' लिहा आणि कधी, किती वेळात ते जोडा.

निविदाबाबू

सॉफ्टवेअरला लागू असेल. पण माझा राखीव अग्निशमन पंप वर्षातले बहुतेक दिवस बंदच उभा असतो. 'शॅल डिलिव्हर' लिहिलं तर तो बंद असताना कराराचा भंग होतो का? मला हवंय ते सामर्थ्य, सततचं काम नाही.

मसुदाकार

दोघंही आपापल्या जागी बरोबर. निर्णय असा घ्या: ते काम प्रत्यक्ष घडायलाच हवं असेल तर 'शॅल' पुढे सरळ क्रियापद. गरज पडली तर घडावं अशी तयारी हवी असेल तर आधी अट लिहून बघा: 'व्हेन स्टार्टेड, द पंप शॅल डिलिव्हर...' बहुतेक वेळा अटीनेच काम भागतं आणि 'केपेबल'ची गरज उरत नाही. तरी उरलीच, तर 'शॅल बी केपेबल ऑफ' पुढे चाचणीची पद्धत त्याच परिच्छेदात हवी. बाबूंच्या पंपाला 'व्हेन स्टार्टेड' पुरेल.

आणखी एक, 'शॅल' आणि 'मस्ट' एकाच कागदात आलटून पालटून नकोत. आयएसओच्या शिस्तीत 'मस्ट' हे बाहेरून आलेल्या बंधनासाठी आहे, उदाहरणार्थ कायदा. कागदाची स्वतःची आवश्यकता 'शॅल'ने.

बिट_आणि_बाइट

इंटरनेटच्या मानकांत मात्र उलट चालतं. १९९७ च्या आरएफसी २११९ या मानक-कागदात 'मस्ट' आणि 'शॅल' समानार्थी आहेत, 'शुड' आणि 'मे' त्यांच्या खाली. २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने खुलासा केला की हे विशेष अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांत लिहिलेल्या शब्दांना लागू, साध्या अक्षरांतलं 'मस्ट' हे साधंच इंग्रजी. म्हणून कुठला नियम धरलाय ते कागदाच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगायचं. त्याशिवाय भांडण मिटत नाही.

पापडखार

मग 'करू शकत नाही' ला काय? 'मे नॉट'?

मसुदाकार

'मे नॉट' ला हातच लावू नका. 'व्हिजिटर्स मे नॉट एंटर द पंप हाउस' याचे दोन अर्थ: आत यायला मनाई, किंवा कदाचित येणार नाहीत. मनाई असेल तर 'शॅल नॉट'. गरज नाही म्हणायचं असेल तर 'नीड नॉट'. जमणारच नसेल तर 'कॅनॉट'. घडेलच असं नाही म्हणायचं असेल तर 'माइट नॉट', किंवा वाक्य फिरवा. मराठीतलं 'येऊ शकत नाही' हे संदर्भावर सोडून देता येतं, करारात संदर्भ वाचणारा प्रतिपक्षाचा वकील असतो.

चाकणी_क्यूए

पुस्तिकेत सुरक्षेच्या सूचना असतील तर तिथला 'कुड' वेगळा, त्याला कात्री लावू नका. अमेरिकी एएनएसआय झेड५३५ या सुरक्षा-फलकांच्या मानकाच्या पद्धतीत 'डेंजर' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, तिथे 'विल'. 'वॉर्निंग' म्हणजे तेच होऊ शकेल, तिथे 'कुड'. 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल, तिथेही 'कुड'. एक सहायक क्रियापद बदललं तर स्टिकरचा रंगही बदलतो.

नळजोड

'शकतो'चं बरंच कळलं. आता पाचवं आणि सहावं?

कोशकीटक

पाचवं घेतो. 'ड्राय रनिंग इज व्हेन देअर इज नो वॉटर अँड पंप रन्स.' पहिली चूक 'इज व्हेन'. ड्राय रनिंग ही क्रिया आहे, वेळ नाही. तसंच 'इज व्हेअर'. व्याख्येत नामापुढे नामच हवं: आधी जात, मग वेगळेपण. 'अ गॅस्केट इज अ सील दॅट...' सील ही जात, 'दॅट' पुढचं ते इतर सीलांहून वेगळेपण. हे वेगळेपण बांधून ठेवणारं असतं, म्हणून 'दॅट' वापरा आणि आधी स्वल्पविराम नको. स्वल्पविराम देऊन 'विच' लिहिलं की पुढचा मजकूर जाताजाता दिलेली माहिती होतो, आणि व्याख्येत मग जात तेवढी उरते.

आता आयएसओच्या पद्धतीची व्याख्या. तिचे नियम कडक आहेत: एकच पदबंध, सुरुवातीला 'अ' किंवा 'द' नाही, शेवटी पूर्णविराम नाही, आत 'शॅल' नाही. 'टर्म युज्ड टु डिस्क्राइब' अशी प्रस्तावना नाही. आणि मुख्य कसोटी म्हणजे अदलाबदल. संज्ञा जिथे आली असेल तिथे तिच्या जागी व्याख्या चिकटवा, वाक्य उभं राहिलं पाहिजे.

पहिला प्रयत्न: 'ऑपरेशन ऑफ अ पंप विदाउट वॉटर'. पुस्तिकेतलं वाक्य घ्या: 'प्रोटेक्ट द पंप अगेन्स्ट ड्राय रनिंग.' चिकटवलं की 'प्रोटेक्ट द पंप अगेन्स्ट ऑपरेशन ऑफ अ पंप विदाउट वॉटर'. दोन पंप झाले, आणि दुसरा कुठला ते कळत नाही. शिवाय 'वॉटर' अरुंद आहे. उद्या कुणी त्यातून तेल ओढलं तर?

दुसरा प्रयत्न: 'ऑपरेशन विदाउट लिक्विड इन द पंप केसिंग'. चिकटवा: 'प्रोटेक्ट द पंप अगेन्स्ट ऑपरेशन विदाउट लिक्विड इन द पंप केसिंग.' लांबट आहे पण उभं राहतं.

नळजोड

पण केसिंगमध्ये थोडं पाणी उरलेलं असतानाही सील जळतं. मेकॅनिकल सीलच्या दोन फेसमध्ये (एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये) द्रवाचा पातळ थर लागतो, तो तुटला की फेस तापतात आणि तडकतात. मग 'विदाउट' कसं म्हणू?

कोशकीटक

खरा मुद्दा काढलात. मग 'विथ इनसफिशिएंट लिक्विड' करा, पण 'इनसफिशिएंट' कशासाठी, ते तिथेच सांगावं लागेल: 'ऑपरेशन विथ इनसफिशिएंट लिक्विड इन द पंप केसिंग टु लुब्रिकेट अँड कूल द सील फेसेस'. एवढ्यावर थांबा. 'अँड शॅल बी अव्हॉइडेड' व्याख्येत कोंबू नका, तो नियम आहे, त्याची जागा सूचनांमध्ये. पातळीचा स्विच किती सेकंदांत पंप बंद करतो वगैरे माहिती व्याख्येखाली 'नोट टु एंट्री' म्हणून.

वर्तुळाकार व्याख्याही बघून घ्या. प्रायमिंग म्हणजे पंप सुरू करण्याआधी त्यात द्रव भरून घेणं, ते उदाहरण घेऊ. 'प्रायमिंग इज द प्रोसेस ऑफ प्रायमिंग अ पंप' हे हास्यास्पद दिसतं म्हणून पकडलं जातं. पण दोन पानांच्या अंतराने 'प्राइम्ड पंप'ची व्याख्या 'प्रायमिंग'ने आणि 'प्रायमिंग'ची 'प्राइम्ड पंप'ने केलेली सहज सुटते. सगळ्या व्याख्या एका कागदावर घेऊन बाण काढून बघा.

खडूफळा

शीर्षकात आणि व्याख्येच्या यादीत आर्टिकल नको, पण पूर्ण वाक्यात हवंच: 'अ गॅस्केट इज अ सील.' मराठीत आर्टिकल नसल्याने 'गॅस्केट इज सील' सुटतं. जातीची व्याख्या करताना दोन्हीकडे 'अ'. 'द गॅस्केट' लिहिलं तर या पंपातलं ते एक.

शिवाय 'इज कॉल्ड ॲज'. 'याला इम्पेलर असे म्हणतात' मधलं 'असे' इंग्रजीत उतरतं ते हे. 'कॉल्ड', 'टर्म्ड', 'नेम्ड' यांना 'ॲज' नाही. 'नोन ॲज', 'डिफाइन्ड ॲज', 'रिफर्ड टु ॲज', 'रिगार्डेड ॲज' यांना आहे. 'कन्सिडर्ड ॲज' टाळलेलं बरं. आणि 'इम्पेलर रिफर्स टु अ रोटेटिंग पार्ट' नको: वस्तू कशाचा निर्देश करत नाही, शब्द करतो. 'द टर्म इम्पेलर रिफर्स टु' चालेल, 'ॲन इम्पेलर इज' त्याहून बरं.

प्रबंधग्रस्त

प्रबंधात 'एक्स इज डिफाइन्ड ॲज' आणि 'एक्स इज' यात काय निवडावं?

खडूफळा

नवी संज्ञा आखून देत असाल तर 'इज डिफाइन्ड ॲज', तेही 'इन धिस स्टडी' जोडून, म्हणजे व्याख्या तुमच्या कामापुरती आहे हे कळतं. रूढ संज्ञेला साधं 'इज'. मोजमापाची व्याख्या असेल तर मोजायची रीत तिथेच हवी: 'ॲक्टिव्ह युजर' म्हणजे काय ते 'लॉग्ज इन ॲट लीस्ट वन्स इन ३० डेज' असं. गणितात 'ॲन इंटिजर इज इव्हन इफ इट इज डिव्हिजिबल बाय २' यातलं 'इफ' हे 'जर आणि तरच' या अर्थी वाचायची प्रथा आहे. फक्त व्याख्येत. प्रमेयात तीच सूट घेऊ नका.

वकिली_पेन

सहावं माझं. 'स्पेअर पार्ट्स मीन्स सील्स, बेअरिंग्ज, गॅस्केट्स, एटसेटरा' यात 'मीन्स' दार बंद करतं आणि 'एटसेटरा' उघडतं.

'मीन्स' म्हणजे एवढंच, बाहेरचं काही नाही. 'इन्क्लूड्स' म्हणजे नेहमीचा अर्थ तर आहेच, शिवाय हेही. 'मीन्स अँड इन्क्लूड्स' ऐकायला ऐसपैस वाटतं, पण न्यायालयं ते बंदच धरतात. पी. कासिलिंगम विरुद्ध पी.एस.जी. कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी, सर्वोच्च न्यायालय, १९९५. तमिळनाडूच्या खासगी महाविद्यालयांच्या नियमांत 'कॉलेज'ची व्याख्या 'मीन्स अँड इन्क्लूड्स' अशी होती, पुढच्या यादीत अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हतं. निकाल: मग ती त्यात येत नाहीत.

उलट बाजूला १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातली 'इंडस्ट्री'. तिथे 'मीन्स' एका भागाला आणि 'इन्क्लूड्स' दुसऱ्या, स्वतंत्र भागाला लावलेलं होतं. जे.जे. समूह रुग्णालयांतल्या वॉर्डातल्या नोकरांचं प्रकरण, मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा, १९६०. न्या. गजेंद्रगडकरांनी त्या 'इन्क्लूड्स'चा विस्तार ध्यानात घेतला आणि रुग्णालय 'इंडस्ट्री' ठरलं. व्याख्येतल्या एका क्रियापदावर लोकांच्या नोकऱ्या लटकलेल्या असतात.

तुमच्यासाठी दोन पर्याय. यादी पक्की असेल तर: 'स्पेअर पार्ट्स' मीन्स द पार्ट्स लिस्टेड इन ॲनेक्स अ. परिशिष्टात भाग क्रमांकासकट यादी. यादी वाढू शकत असेल तर आधी जात सांगा, मग उदाहरणं: 'स्पेअर पार्ट्स' मीन्स रिप्लेसेबल पार्ट्स ऑफ द पंप, इन्क्लूडिंग सील्स, बेअरिंग्ज अँड गॅस्केट्स. नुसती यादी आणि शेवटी 'अँड अदर पार्ट्स' लिहिलंत तर 'अदर' हे आधीच्यांच्याच जातीचं वाचलं जातं. सील-बेअरिंग-गॅस्केटच्या रांगेत मोटर बसेल का, यावर वाद होईल.

क्रियापद 'मीन्स'च, 'मीन' नाही, कारण इथे 'स्पेअर पार्ट्स' हा एक शब्द म्हणून उभा आहे. 'शॅल मीन' जुन्या कायद्यांत पावलोपावली आहे, पण 'शॅल' कर्तव्यासाठी राखलंय म्हटल्यावर व्याख्येला कसलं कर्तव्य? 'मीन्स' पुरे. व्याख्या केलेली संज्ञा पुढे सगळीकडे त्याच स्पेलिंगने आणि त्याच कॅपिटल अक्षरांनी. मध्येच 'स्पेअर्स' किंवा 'रिप्लेसमेंट पार्ट्स' केलंत तर वाचणारा दुसरी वस्तू समजतो. शाळेतल्या निबंधात पुनरुक्ती दोष, करारात तीच शिस्त.

कोशकीटक

वकीलसाहेब, क्षमता आणि व्याख्या दोन्ही एकाच ओळीत बघायच्या तर भारतीय पेटंट कायदा, १९७०, कलम २. 'इन्व्हेन्शन' म्हणजे नवं उत्पादन किंवा प्रक्रिया, ज्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप आहे आणि जी 'केपेबल ऑफ इंडस्ट्रियल ॲप्लिकेशन' आहे. मग त्या 'केपेबल'चीच वेगळी व्याख्या: उद्योगात बनवता किंवा वापरता येण्याजोगी असणं. प्रत्यक्ष बनवलेली असण्याची अट नाही, बनू शकली पाहिजे. निविदाबाबूंना हवं ते सामर्थ्य हेच.

वकिली_पेन

बरोबर. आणि पेटंटचा क्लेम (हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य) लिहिताना 'कम्प्रायझिंग' उघडं, 'कन्सिस्टिंग ऑफ' बंद. 'इन्क्लूड्स' आणि 'मीन्स'चीच भावंडं. 'कम्प्राइज्ड ऑफ' मात्र नको, ते घर का ना घाट का.

नळजोड

सगळ्यांचे आभार. सुधारित मसुदा:

१. ॲट अ टोटल हेड ऑफ ४० मीटर्स अँड अ स्पीड ऑफ २९०० आरपीएम, द पंप डिलिव्हर्स ५०० लिटर्स पर मिनिट ऑफ क्लीन वॉटर.
२. द ऑपरेटर मे क्लोज द डिलिव्हरी व्हॉल्व्ह इफ नेसेसरी.
३. लीकेज कॅन ऑकर इफ द गॅस्केट इज नॉट सीटेड प्रॉपरली.
४. ड्युरिंग द टेस्ट, द पंप रीच्ड अ हेड ऑफ ४० मीटर्स.
५. ड्राय रनिंग: ऑपरेशन विथ इनसफिशिएंट लिक्विड इन द पंप केसिंग टु लुब्रिकेट अँड कूल द सील फेसेस
६. 'स्पेअर पार्ट्स' मीन्स द पार्ट्स लिस्टेड इन ॲनेक्स अ.

चाकणी_क्यूए

दुसऱ्यात 'इफ नेसेसरी' कोण ठरवणार? सेंट्रिफ्यूगल पंप डिलिव्हरी बंद ठेवून चालू राहिला तर आतलं पाणी तापतं. परवानगी देताय तर तिची मर्यादाही द्या: 'फॉर नॉट मोअर दॅन' आणि पुढे मिनिटांचा आकडा, तोही तुमच्या पंपाच्या चाचणीतून काढलेला. अंदाजाने टाकू नका.

मसुदाकार

आणि चौथ्यात प्रवाह किती होता ते राहिलं. शटऑफला, म्हणजे प्रवाह शून्य असताना, ४० मीटर गाठले असतील तर ५०० लिटरला तेवढं हेड मिळणारच नाही, म्हणजे पहिलं वाक्यच खोटं ठरेल. 'ॲट अ फ्लो ऑफ ५०० लिटर्स पर मिनिट' जोडा, पण टेस्ट शीट बघून.

नळजोड

शीट काढून बघतो. मिनिटांचा आकडा मिळेपर्यंत दुसरं वाक्य मसुद्यातून काढून ठेवतो.